प्रतिजैविकांची निवड : महाराष्ट्रातील इतिहास

एका सूक्ष्मजीवापासून निर्माण होणाऱ्या आणि अत्यल्प प्रमाणातही दुसऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ थांबविणाऱ्या अथवा त्यांचा नाश करणाऱ्या पदार्थांना प्रतिजैविके म्हणतात. सल्फा औषधे, क्विनोलोन गटातील औषधे इ. पूर्णतः संश्लेषित द्रव्यांचाही या संज्ञेत व्यवहारतः समावेश होतो. प्रतिजैविके सूक्ष्मजंतूंवर परिणाम करतात. विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत संसर्ग सूक्ष्मजंतूंचा आहे काय, तो कोणत्या सूक्ष्मजंतूचा आहे, तो सूक्ष्मजंतू कोणत्या औषधास दाद देतो आणि ते औषध त्या रुग्णाच्या शरीरास मानवेल काय, या चार प्रश्नांचा विचार करावा लागतो. या विचारालाच प्रतिजैविकाची निवड असे म्हणतात. प्रतिजैविकांच्या शोधाचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यांच्या निवडीचा इतिहास तितकाच महत्त्वाचा असून ही निवड कोणी व कशाच्या आधारे केली, यावर प्रत्येक औषधाचे आयुष्य अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास महाराष्ट्राच्या आणि शेवटी बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात दिला आहे.

पूर्वपीठिका : प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात संसर्गजन्य रोगांवर विशिष्ट औषध जवळजवळ नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्‌भवला तेव्हा शासनापुढे विलगीकरण, घरांची सक्तीची झडती व निर्जंतुकीकरण एवढेच मार्ग होते. व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात हलविण्यात आली व १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. लस रोग टाळू शकत होती, परंतु रोग जडल्यावर तिचा उपयोग नव्हता.

जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ट डोमाक (१८९५–१९६४) यांनी १९३५ मध्ये प्राँटोसिल या रंजकद्रव्याचा सूक्ष्मजंतुनाशक गुण प्रसिद्ध केला आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी (१८८७–१९७१) व त्यांचे सहकारी यांनी प्लेगवर ही औषधे प्रथम प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर अजमावली. १९४० च्या सुमारास सल्फाथायाझोल हे त्या रोगात उपयुक्त असल्याचे त्यांनी दाखवून दिले. एका रोगावर अनेक औषधांची तुलना करायची, प्रयोगशाळेतील निष्कर्ष रुग्णशय्येपाशी पडताळायचा आणि मगच औषध ठरवायचे, ही पद्धत महाराष्ट्रात या कार्यातून रुजली. निवडीचा निर्णय येथे प्रयोगशाळेच्या हाती होता.

पेनिसिलीन व पिंपरी : अलेक्झांडर फ्लेमिंग (१८८१–१९५५) यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनाचा शोध लागला. हॉवर्ड फ्लोरी (१८९८–१९६८) व एर्न्स्ट चेन (१९०६–७९) यांनी ते शुद्ध रूपात मिळवून १९४१ मध्ये मनुष्यावर वापरले. सेल्मन वाक्समन (१८८८–१९७३) यांच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन प्रसिद्ध झाले. १९४८ मध्ये क्लोरटेट्रासायक्लीन उपलब्ध झाले. ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत ते सापडले तिच्या संशोधनाचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच एक इशारा दिला होता. अपुऱ्या मात्रेत घेतलेल्या पेनिसिलिनामुळे सूक्ष्मजंतू मरत नाहीत, तर त्या औषधास सरावतात, असे त्यांनी सांगितले. सूक्ष्मजंतूंच्या या गुणास औषधरोध म्हणतात.

स्वतंत्र भारतापुढे त्या वेळी टंचाईचा प्रश्न होता. पेनिसिलीन परदेशातून येई व महाग पडे. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे शासकीय कारखाना उभारण्यात आला. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लिमिटेड ही कंपनी मार्च १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनाचेही उत्पादन तेथे होऊ लागले. कारखान्यास जोडून संशोधनशाळा होती. तीत एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी देशाच्या मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध घेतला. त्यांतून मिळालेले हॅमायसीन (१९६१) हे कवकरोधी द्रव्य तोंडातील व योनिमार्गातील कवकसंसर्गावर वापरात आले. ज्या जीवापासून ते मिळाले त्यास पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असे नाव देण्यात आले. ऑरिओफंजीन हे दुसरे द्रव्य पिकांवरील कवकरोगांसाठी वापरण्यात आले.

बाजारपेठ व निवड : १९७० च्या एकस्वाधिकार कायद्याने (अंमल १९७२ पासून) औषधाच्या पदार्थाऐवजी केवळ त्याच्या निर्मितीप्रक्रियेस एकस्व देण्याचे ठरले. त्यामुळे देशी कारखान्यांना नवी औषधे वेगळ्या प्रक्रियेने व कमी खर्चात करता येऊ लागली. ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन, को-ट्रायमॉक्साझोल, जेंटामायसीन आणि नंतरच्या काळात सिप्रोफ्लॉक्सासीन ही औषधे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. यामुळे असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद आहे. परंतु औषध जेथे पोहोचले तेथे ते निवडण्याचे ज्ञान व साधन पोहोचले नाही. रक्त अथवा लघवीचे संवर्धन करून सूक्ष्मजंतू ओळखण्याची सोय मोठ्या शहरांपुरती राहिली. प्रत्यक्ष निवड कधी डॉक्टरांच्या अनुमानाने, कधी कंपनीच्या प्रतिनिधीच्या आग्रहाने, तर कधी मेडिकल दुकानाच्या फळीवर होऊ लागली.

कायदा या बाबतीत आधीपासून स्पष्ट होता. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार प्रतिजैविके नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. १९४८ च्या औषधव्यवसाय कायद्याने चिठ्ठीवरील औषध प्रशिक्षित औषधनिर्मात्यानेच द्यावे असे ठरविले. प्रत्यक्षात ताप आल्यावर दोन दिवसांच्या गोळ्या मागून घेण्याची व बरे वाटताच त्या सोडून देण्याची सवय सर्वत्र पसरली. तीमागे निष्काळजीपणापेक्षा परिस्थितीचा भाग मोठा होता. डॉक्टरांचे शुल्क, तपासणीचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांच्या तुलनेत चार गोळ्या स्वस्त पडत.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचे संशयित रुग्ण आढळले व पुढच्याच महिन्यात सुरत येथे फुप्फुसीय प्लेगची साथ जाहीर झाली. त्या काळात मुंबईसह अनेक शहरांत निरोगी माणसांनीही टेट्रासायक्लिनाच्या गोळ्या विकत घेऊन साठविल्या. १८९६ मध्ये रोग होता व औषध नव्हते. ९८ वर्षांनी औषध हाताशी होते, परंतु ते कोणी, केव्हा व किती घ्यावे याचा निर्णय भीतीने घेतला.

टायफॉइडचे उदाहरण : आंत्रज्वर अथवा टायफॉइड या रोगाच्या उपचारात निवडीचा संपूर्ण इतिहास पाहावयास मिळतो. १९४८ मध्ये क्लोरँफिनिकॉल हे या रोगावर गुणकारी ठरले आणि तीन-चार आठवडे रेंगाळणारा ताप काही दिवसांत उतरू लागला. सुमारे पाव शतक हे औषध निर्विवाद अग्रस्थानी होते. १९७२ मध्ये केरळातील कोळिकोड येथे त्यास दाद न देणारे टायफॉइडचे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळले. १९९० च्या सुमारास क्लोरँफिनिकॉल, ॲम्पिसिलीन व को-ट्रायमॉक्साझोल या तिन्ही औषधांस रोध करणारे जंतू मुंबईसह देशभर पसरले. त्यांची जागा सिप्रोफ्लॉक्सासिनाने घेतली. परंतु त्याचा सरसकट वापर सुरू झाल्यामुळे दहा-पंधरा वर्षांतच त्याचाही प्रभाव ओसरला. त्यानंतर सेफ्ट्रायाक्सोन, सेफिक्झिम व ॲझिथ्रोमायसीन यांवर भिस्त आली. २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतात सेफ्ट्रायाक्सोनासही रोध करणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली.

या इतिहासाला एक उलट बाजूही आहे. क्लोरँफिनिकॉल व को-ट्रायमॉक्साझोल यांचा टायफॉइडसाठी होणारा वापर थांबल्यावर काही वर्षांनी भारतातील बहुसंख्य टायफॉइड जंतू त्यांना पुन्हा दाद देऊ लागले. वापराचा दाब कमी झाला म्हणजे रोधक जंतूंचे प्राबल्यही घटू शकते, हे यावरून दिसते. निदानाची अडचण मात्र कायम आहे. खात्रीच्या निदानासाठी पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्ताचे संवर्धन करावे लागते. त्याऐवजी १८९६ पासून प्रचलित असलेली विडाल चाचणी ग्रामीण भागात सर्रास केली जाते. पूर्वीचा संसर्ग किंवा अन्य ताप असतानाही ती सकारात्मक येऊ शकत असल्यामुळे टायफॉइड नसलेल्या अनेकांना टायफॉइडची औषधे मिळतात.

क्षय : क्षयरोगाच्या बाबतीत निवडीचे तत्त्व लवकर स्पष्ट झाले. एकटे स्ट्रेप्टोमायसीन दिल्यास रुग्ण प्रथम सुधारतो व पुढे रोधक जंतूंमुळे पुन्हा आजारी पडतो, असे १९४८ मधील ब्रिटिश चाचणीत आढळले. त्यामुळे अनेक औषधे एकत्र व दीर्घकाळ देण्याची पद्धत आली. १९५६ मध्ये सुरू झालेल्या मद्रास येथील केंद्राने असा उपचार रुग्णालयात न ठेवता घरीही यशस्वी होतो हे दाखविले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व १९९७ पासून देखरेखीखालील उपचारांचा सुधारित कार्यक्रम सुरू झाला. तथापि खाजगी क्षेत्रात चुकीची मिश्रणे, अपुऱ्या मात्रा व मध्येच सोडलेले उपचार चालूच राहिले. मुंबईतील डॉक्टरांनी २०१२ च्या प्रारंभी प्रसिद्ध केलेल्या अहवालात तपासलेल्या कोणत्याही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदविले. त्या रुग्णांना पूर्वी मिळालेली औषधे बहुधा अयोग्य निवडलेली होती, हा त्या अहवालातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय.

गडचिरोलीचा प्रयोग : विदर्भाच्या पूर्व टोकावरील गडचिरोली जिल्ह्यात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसून आली. तेथे प्रतिजैविकांच्या अतिवापराने नव्हे, तर त्यांच्या अभावी मुले दगावत होती. अभय व राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने १९८८ पासून ५८ गावांत बालकांच्या फुप्फुसशोथावर म्हणजे न्यूमोनियावर कार्य सुरू केले. गावातील आरोग्यसेवक व दाया यांना मुलाचे श्वास मोजून रोग ओळखण्यास व को-ट्रायमॉक्साझोल देण्यास शिकविण्यात आले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा उपचारांखालील ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०·८ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३·५ टक्के होते. पुढे नवजात बालकांच्या जंतुदोषासाठी गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी जेंटामायसीनचे इंजेक्शन व को-ट्रायमॉक्साझोल हे उपचार घरीच दिले. १९९९ च्या अहवालानुसार जंतुदोषाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १६·६ टक्क्यांवरून २·८ टक्क्यांवर आले.

येथे वापरलेली औषधे जुनी व स्वस्त होती आणि ती देणाऱ्या व्यक्ती अल्पशिक्षित होत्या. त्यांच्याजवळ निश्चित नियम होता. खोकला असलेल्या दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचे श्वास मिनिटास ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असल्यास न्यूमोनिया समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ज्या मुलास नुसते पडसे आहे, त्यास या नियमाने औषध मिळत नाही. म्हणून असा नियम जीव वाचवितो व औषधही वाचवितो.

बुलढाणा जिल्हा : विदर्भाच्या पश्चिम टोकावरील बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून त्याचा दक्षिण भाग अजिंठ्याच्या डोंगररांगांवर, तर उत्तर भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात व सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. कापूस, सोयाबीन व कडधान्ये यांवर जगणाऱ्या या प्रदेशात ताप, खोकला, जुलाब, लघवीची जळजळ व जखमा पिकणे हेच नेहमीचे संसर्ग होत. स्थानिक परिस्थिती पाहिल्याशिवाय औषध ठरविता येत नाही, हे येथील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील अनेक गावांत मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण आढळतात. मूत्रपिंड दुबळे झाले असता निवडीचे नियम बदलतात. जेंटामायसीन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडत असल्याने ते शरीरात साचते व मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती या दोहोंस अपाय करते. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गावर अन्यथा पहिल्या पसंतीचे असलेले नायट्रोफ्युरँटॉइन अशा रुग्णाच्या लघवीत पुरेशा प्रमाणात उतरत नाही. म्हणजे अपायाची शक्यता वाढते आणि गुण येत नाही. अमॉक्सिसिलिनाची मात्रा विकाराच्या तीव्रतेनुसार कमी करावी लागते. डॉक्सिसायक्लिनाच्या मात्रेत मात्र सहसा बदल करावा लागत नाही. शेगावच्या किंवा संग्रामपूरच्या दुकानातील औषधनिर्मात्याने चिठ्ठी हाती घेताना लघवीचा किंवा मूत्रपिंडाचा जुना त्रास आहे काय एवढे विचारले, तरी एखाद्याचे मूत्रपिंड वाचू शकते.

दुसरे उदाहरण पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या तापाचे. लगतच्या अकोला येथील बालरोगतज्ज्ञांनी २०१० च्या सुमारास रिकेट्सियाजन्य तापाचे रुग्ण नोंदविले आणि २०१८ मध्ये नागपूर व परिसरात स्क्रब टायफसची साथ आली. गवतातील व झुडपांतील सूक्ष्म माइटच्या अळीच्या चाव्याने हा रोग होतो. म्हणून शेतात राबणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. चाव्याच्या जागी काळी खपली दिसल्यास निदान सोपे होते. या रोगाचे जंतू पेशींच्या आत वाढत असल्यामुळे सेफ्ट्रायाक्सोनसारखी महाग इंजेक्शने त्यांवर निष्फळ ठरतात. डॉक्सिसायक्लिनाच्या स्वस्त गोळ्यांनी मात्र ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. टायफॉइड समजून इंजेक्शनांवर घालविलेले दिवस रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. औषध जितके महाग व नवे तितके प्रभावी, हा समज येथे घातक ठरतो.

याच जिल्ह्यातील लोणार सरोवर प्रतिजैविकांच्या शोधाच्या दृष्टीनेही अभ्यासले गेले आहे. उल्काघाताने बेसाल्ट खडकात बनलेल्या, सुमारे १·८ किमी. व्यासाच्या या विवरातील पाणी तीव्र क्षारधर्मी आहे. त्यात व काठच्या मातीत वाढणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीससदृश जीवांपासून सूक्ष्मजंतुरोधी द्रव्ये मिळविण्याचे प्रयत्न संशोधकांनी केले आहेत. परंतु अशा द्रव्यापासून वापरायोग्य औषध बनण्यास अनेक वर्षे व मोठा खर्च लागतो. त्यामुळे हाती असलेली औषधे जपणे अधिक निकडीचे आहे.

अलीकडील घडामोडी : २०१० मध्ये मुंबईतील एका रुग्णालयाच्या अहवालात कार्बापेनेम गटातील औषधांस दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर आढळल्याचे नमूद झाले. कार्बापेनेमे ही गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली औषधे असल्यामुळे या वृत्ताने खळबळ उडाली. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे एकेकाळी बाजूला पडलेले कोलिस्टीन पुन्हा वापरात आणणे भाग पडले. ते कोंबड्या व जनावरांच्या खाद्यातूनही दिले जात असे. त्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली.

१ मार्च २०१४ पासून एच-१ ही नवी अनुसूची अमलात आली. तीतील ४६ औषधांत अनेक प्रतिजैविके असून ती विकताना डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि औषधाचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने ३२८ निश्चित मात्रेच्या मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत प्रतिजैविकांची काही अशास्त्रीय मिश्रणेही होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१३ पासून औषधरोधाच्या पाहणीचे जाळे उभारले व उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले : नेहमीच्या संसर्गांसाठी प्रथम वापरावयाची (उदा., अमॉक्सिसिलीन), सावधगिरीने वापरावयाची (उदा., ॲझिथ्रोमायसीन, सेफिक्झिम) व अखेरची राखीव (उदा., कोलिस्टीन, लिनेझोलीड).

याच काळात औषधनिर्मात्याचे कार्य औषध बनविणे व विकणे यांपलीकडे जाऊ लागले. १९९० नंतरच्या दशकात म्हैसूर व उटी येथे रुग्णालयीन औषधव्यवहाराचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले व २००८ पासून देशात फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. असा औषधनिर्माता रुग्णाची पूर्वीची वावडी, गरोदरपण, मूत्रपिंड व यकृत यांची स्थिती, चालू असलेली इतर औषधे आणि उपचाराचा कालावधी तपासून डॉक्टरांना सल्ला देतो. २०२४ मध्ये बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयात सूक्ष्मजंतुशास्त्र विभाग असावाच लागतो. त्यामुळे जिल्ह्यातील रुग्णांचे नमुने जिल्ह्यातच तपासून स्थानिक जंतूंच्या औषधरोधाचा तक्ता तयार करणे शक्य झाले आहे.

सामान्य संसर्गांतील निवड : पडसे, फ्ल्यू व बहुतेक घसादुखी हे विकार विषाणुजन्य असल्याने त्यांत प्रतिजैविक लागत नाही. स्ट्रेप्टोकोकायजन्य घसादुखीत मात्र पेनिसिलीन दहा दिवस पूर्ण द्यावे लागते, कारण अपुऱ्या उपचारानंतर संधिवाती ज्वर होऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. पाण्यासारख्या जुलाबांत जलसंजीवनी हाच मुख्य उपचार आहे. रक्ती आव व पटकी यांचा अपवाद सोडल्यास प्रतिजैविकाची सहसा गरज नसते. गळवात पू काढून टाकणे हे गोळ्यांपेक्षा महत्त्वाचे असते. औषध देणे आवश्यक ठरल्यास अपेक्षित जंतूंपुरते मर्यादित परिणामाचे, पुरेशा मात्रेत व ठरलेल्या मुदतीपर्यंत द्यावे आणि चाचणीचा निष्कर्ष येताच गरजेप्रमाणे बदलावे, असा सर्वमान्य नियम आहे.

परळच्या प्रयोगशाळेत निवड पुराव्याने झाली, गडचिरोलीत ती साध्या नियमाने झाली व बाजारात ती बहुधा सोयीने झाली. पहिल्या दोन ठिकाणी औषध प्रभावी ठरले. तिसऱ्या ठिकाणी ते हळूहळू निकामी झाले. इतर बहुतेक औषधांचा गैरवापर घेणाऱ्यापुरता अपायकारक असतो. प्रतिजैविकाचा गैरवापर मात्र त्याच गावातील पुढच्या रुग्णाचे औषध हिरावून घेतो. म्हणून त्याची निवड ही वैद्यकीय बाब असतानाच सार्वजनिक जबाबदारीही ठरते.